पन्नाशीत पीएच.डी.: पेटचा फॉर्म भरण्याआधी मांडायचा हिशेब

पेटची, म्हणजे पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेची, जाहिरात निघाली की आमच्या भागातले दोन-चार सर-मॅडम मला फोन करतात. पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, टोटल खर्च किती येते?" त्यांना फीचा आकडा पाहिजे असतो. तो विद्यापीठाच्या वेबसाइटवर मिळतो, अधूनमधून बदलतो, आणि एकूण खर्चात तो बहुधा सगळ्यात किरकोळ असतो.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या नेर परसोपंतजवळच्या एका गावात राहते. कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते, घरी कोरडवाहू वावर आहे, आणि भुलाबाई या आमच्याकडच्या पोरीबाळींच्या सणाच्या गाण्यांवरची माझी पीएच.डी. पन्नाशी ओलांडल्यावर पूर्ण झाली. फॉर्म भरण्याआधी कापसाच्या वहीच्या मागच्या पानांवर मी जो हिशेब मांडला होता, तो कसा मांडायचा ते इथे लिहिते. नोकरी सांभाळून अर्धवेळ करणाऱ्यांसाठी तो आहे, आणि मुख्यतः भाषा किंवा सामाजिक शास्त्रांसाठी. प्रयोगशाळेवाल्यांनी रसायनं-उपकरणांचा रकाना आपला आपण वाढवून घ्यावा.

आधी सालं लिहा, मग रुपये

पानाच्या वरच्या टोकाला सेवानिवृत्तीची तारीख लिहा. शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयात ५८, वरिष्ठ महाविद्यालयात ६०. आता तिथून मागे मोजत या. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नोव्हेंबर २०२२च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला कोर्सवर्क, म्हणजे सुरुवातीचा वर्गातला अभ्यासक्रम, धरून कमीत कमी ३ वर्षं लागतात आणि जास्तीत जास्त ६ मिळतात. पुनर्नोंदणी करून आणखी २, म्हणजे ८. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर २ वर्षांची सवलत मिळू शकते, म्हणजे फार तर १०. नोकरी करणारा माणूस ३ वर्षांत बाहेर पडेल हे धरूच नका. पाच-सहा वर्षं धरा. आणि हे मीटर प्रवेशाच्या तारखेपासून चालू होतं, विषय मनासारखा जमला त्या दिवसापासून नाही.

म्हणजे पन्नाशीत प्रवेश घेतला तर पदवी हाती येईपर्यंत वय पंचावन्न-छप्पन्न. कनिष्ठ महाविद्यालयातल्या माणसाजवळ मग नोकरीची दोन-तीन वर्षं उरतात. आता शेजारच्या रकान्यात लिहा, या पदवीने पगारात काय पडणार. वरिष्ठ महाविद्यालयात पंचेचाळिशीतला सहायक प्राध्यापक असेल तर उत्तर सोपं आहे. सहयोगी प्राध्यापक व्हायला पीएच.डी. लागते. दोन वेतनस्तरांतला फरक काढायचा, उरलेल्या वर्षांनी गुणायचा आणि लिहायचा. त्याने हा पुढचा लेख वाचला काय नि नाही वाचला काय, त्याला पीएच.डी. करावीच लागेल. शाळेतल्या किंवा कनिष्ठ महाविद्यालयातल्या माणसाने मात्र कुणी सांगितलं म्हणून वेतनवाढ धरू नये. ऑफिसातल्या मोठ्या बाबूंना म्हणावं, जीआर दाखवा. दाखवला तर आकडा लिहा, नाही तर शून्य लिहा.

"रिटायर झाल्यावर कॉलेजवर शिकवीन" असं पुष्कळांच्या मनात असतं. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीला नेट किंवा सेट परीक्षा पास असणं ही किमान पात्रता आहे, पीएच.डी. ऐच्छिक. आणि तासिका तत्त्वावर शिकवणारी, नेट आणि पीएच.डी. दोन्ही हातात असलेली पस्तिशीतली पोरं आपल्या तालुक्यातालुक्यात बसून आहेत. त्यांच्या रांगेत साठीच्या आपण कुठे उभ्या राहणार? त्या रकान्यातही शून्यच.

माझ्या पानावर उत्पन्नाच्या बाजूला शून्य आलं होतं. आमच्या ह्यांनी वही पाहिली आणि म्हणाले, "हे तर बिनउत्पन्नाचं वावर झालं." बरोबर होतं त्यांचं. म्हणून पुढचा प्रश्न आला.

हेच काम पीएच.डी. न करता होतं का?

हा प्रश्न टाळून लोक फॉर्म भरतात आणि तिसऱ्या वर्षी अडकतात. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई-भुलोजी बसतात ते कोजागिरीपर्यंत. संध्याकाळी पोरी गाणी म्हणतात, मग डब्यातली खिरापत हलवून ओळखायची. आमच्या गावात ही गाणी पूर्ण येणाऱ्या बाया आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत. मला ती उतरवून घ्यायची होती. पण नुसती उतरवून घ्यायला पीएच.डी. कशाला? एक मोबाइल, एक वही, दोन-तीन सीझन, आणि छोटं पुस्तक. किंवा नागपूरच्या विदर्भ संशोधन मंडळासारख्या ठिकाणी एखादा निबंध. खर्च पाव, त्रास पाव.

मी तरी पीएच.डी.कडे गेले, कारण मला गाण्यांचा संग्रह करून थांबायचं नव्हतं. तेच गाणं दारव्ह्याला वेगळं का, अचलपूरला वेगळं का, खानदेशातलं आणखी निराळं का, हे विचारायचं होतं. त्याला पद्धत लागते आणि चुकलं की कान धरणारं कुणी लागतं. माझ्यासारखीला मुदत नसेल तर काम होतही नाही. तुमचं उत्तर "पुस्तक पुरे" असं आलं तर वाईट वाटून घेऊ नका, तुमची पाच-सहा वर्षं वाचली. "नावामागे डॉक्टर पाहिजे" असं आलं तरी काही हरकत नाही, फक्त ते पानावर तसंच लिहा. लग्नपत्रिकेत छापून येण्याची किंमत किती द्यायची ते ज्याचं त्याने ठरवावं. वाईट एवढंच की मनात ते असतं आणि घरच्यांना सांगतात पगारवाढीचं.

गाईड: जागा, तारीख आणि नकाशा

गाईडकडे जाल तेव्हा विषयाआधी तीन गोष्टी विचारा. लाजू नका, तुमचंही वय झालंय. पहिली, जागा रिकामी आहे का. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगीला ६, सहायकाला ४ विद्यार्थी घेता येतात. दुसरी, निवृत्ती कधी. निवृत्तीला ३ वर्षांहून कमी उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. पण बरोबर चार वर्षं उरलेला गाईड नियमात बसतो आणि तुमचं काम पाच वर्षांचं असतं. निवृत्तीनंतर ते सहमार्गदर्शक म्हणून राहू शकतात, वयाच्या सत्तरीपर्यंत. मात्र मुख्य गाईड दुसरा शोधावा लागतो, आणि दुसऱ्याला तुमचा विषय आवडेलच असं नाही. आपल्या वयात गाईड बहुधा आपल्याहून लहान असतात. ते बरंच आहे एका अर्थी. "सर" म्हणायला जीभ अडखळते सुरुवातीला, मग सवय होते.

तिसरी गोष्ट नकाशा. अमरावती विद्यापीठाखाली अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम असे पाच जिल्हे येतात. नेरहून अमरावती म्हणजे सकाळच्या बसने जाऊन संध्याकाळी घरी. यवतमाळ जिल्ह्याच्याच दुसऱ्या टोकाच्या उमरखेडवाल्याला तेच अमरावती जीव घेतं, त्याला नांदेड जवळ. गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंचाच्या माणसाला स्वतःच्या जिल्ह्याचं गोंडवाना विद्यापीठ गाठायलाही दोनशे किलोमीटरच्या आसपास जावं लागतं. म्हणून गाईड आणि संशोधन केंद्र विद्यापीठाच्या गावातच पाहिजे असं धरू नका. यवतमाळ, अकोला, वर्ध्याच्या कॉलेजांतही मान्यताप्राप्त केंद्रं असतात.

प्रवासाचा हिशेब असा करा. समजा महिन्याला तीन फेऱ्या. बस, ऑटो, जेवण, झेरॉक्स मिळून फेरीला ४०० रुपये. महिन्याचे १,२००, वर्षाचे १४,४००, पाच वर्षांचे ७२,०००. आता फीचा एकूण आकडा काढून शेजारी ठेवा. प्रवेश, वार्षिक शुल्क, कोर्सवर्क, थिसिस सादर करण्याचं आणि व्हायवाचं (तोंडी परीक्षेचं) शुल्क असं सगळं मिळवा, आणि कोणता आकडा मोठा आहे ते पाहा. बायांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, ते धरा. कोर्सवर्क वेगळं मांडा. ते कमीत कमी १२ क्रेडिटचं असतं, ५५ टक्के गुण लागतात, आणि त्या काळात प्रत्यक्ष हजर राहावं लागतं. पीएच.डी. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने करता येत नाही. कुणी "घरबसल्या करून देतो" म्हणालं तर चहा पाजून वाटेला लावा.

बारा महिन्यांचं पान

इथे घाई करू नका. फी कुठून तरी उभी राहते, महिने उभे करता येत नाहीत.

एका पानावर बारा महिने लिहा आणि प्रत्येकासमोर तुमच्याकडून काय काय काढून घेतलं जातं ते लिहा. माझं पान साधारण असं होतं. जून-जुलै: पेरणी, दुबार पेरणीची धाकधूक, त्यात जूनअखेर विदर्भातल्या शाळा उघडतात, अकरावीचे प्रवेश. ऑगस्ट: निंदण-डवरण, पोळा, पाहुणे. सप्टेंबर-ऑक्टोबर: सोयाबीनची सोंगणी आणि मळणी. नोव्हेंबर ते जानेवारी: कापूस वेचणी, मजूर बायांची शोधाशोध, तुरीची राखण, मध्येच शाळेचं स्नेहसंमेलन. फेब्रुवारी-मार्च: बारावीची परीक्षा, पर्यवेक्षण, मग पेपरांचे गठ्ठे. एप्रिल-मे: सुटी, आणि घरोघरची लग्नं. वाचायला सलग मोकळे महिने ते एवढेच, आणि तेव्हा आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. दुपारी बारा ते पाच डोकं चालत नाही, कूलरला लाइट पाहिजे आणि लाइटला आपली आठवण पाहिजे. म्हणून मे महिन्याचे दिवस पूर्ण दिवस म्हणून मोजू नका. पहाटे चार ते आठ, एवढाच दिवस.

आता त्याच पानावर विषयाचा हंगाम मांडा. माझा विषय वर्षातून एकच महिना जिवंत असतो, आणि तो नेमका सोयाबीनच्या सोंगणीचा. दिवसा बाया वावरात, संध्याकाळी भुलाबाईपुढे. मला दोन्हीकडे असायला पाहिजे. एक सीझन पावसाने, आजारपणाने किंवा निवडणुकीच्या ड्यूटीने गेला की महिना नाही, अख्खं वर्ष गेलं, आणि त्या वर्षाची फी भरावीच लागते. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांवर काम करणाऱ्याचंही तसंच. दिवाळी ते होळी एवढाच त्याचा हंगाम, तोही रात्रीचा. याउलट जुन्या वृत्तपत्रांवर, दप्तरांवर, एखाद्या लेखकावर काम करणाऱ्याला बारमाही चालतं. दोन विषय सारखेच आवडत असतील तर हंगाम नसलेला घ्या. मला दुसरा आवडत नव्हता, म्हणून मी पाच-सहा वर्षांत किमान तीन भुलाबाया मोकळ्या मिळतील अशी सोय आधी केली.

ती सोय म्हणजे मळणीच्या दिवसांत घरचं कुणी तरी वावरात उभं करणं. आम्ही दोन एकरांचा एक तुकडा मक्त्याने देऊन टाकला, बाकीचं ह्यांनी एकट्याने ओढलं. याचा खर्च असा लिहायचा: समजा स्वतः केलं तर एकरी निव्वळ १५,००० सुटत होते आणि मक्त्याचे १०,००० आले, तर एकरी ५,००० दर वर्षी पीएच.डी.च्या नावावर. नापिकीच्या वर्षी उलटं होतं, मक्तेदार रडतो आणि आपण वाचतो. तेही प्रामाणिकपणे जमेला लिहा.

ट्यूशन घेत असाल तर सोडलेल्या बॅचचे पैसे लिहा. बिनपगारी रजा पडणार असेल तर ती लिहा. अध्ययन रजेबद्दल ऑफिसात विचारून ठेवा, पण पन्नाशीनंतर ती मिळेल असं धरून हिशेब करू नका.

दुसऱ्यांचे हात

सासूबाई म्हणाल्या होत्या, "काऊन वं, आता कायले पाह्यजे तुले हे?" राग नव्हता त्यात. सकाळच्या भाकरी कोण थापणार हा खरा प्रश्न होता, आणि तो रास्त होता. मी तीन कामं वहीत लिहून त्यांच्यापुढे वाचली: सकाळचा स्वयंपाक, त्यांना महिन्यातून एकदा यवतमाळच्या दवाखान्यात नेणं, आणि पाहुण्यांचं. स्वयंपाकाला बाई लावली, तिचा पगार खर्चात. दवाखाना मुलाने घेतला. पाहुण्यांचं काही ठरलं नाही, ते पीएच.डी.भर तसंच लोंबकळत राहिलं.

पुरुष मंडळींना सांगते, तुम्ही हा रकाना कोराच ठेवता. तुमच्या भाकरीही कुणी तरी थापतंच. तिला विचारून तिचं नाव लिहा, मग पुढे चला.

लिहिणं, टायपिंग आणि ती एक नको ती सोय

मराठी थिसिस टाइप करून घेताना लोक पानाचा दर विचारतात आणि पानांनी गुणतात. दुरुस्त्या विसरतात. प्रत्येक प्रकरण दोन-तीनदा तरी बदलतं, म्हणून आलेल्या आकड्याची दुप्पट धरा. त्याहून चांगलं म्हणजे युनिकोडमध्ये टाइप करायला स्वतः शिका. मोबाइलवर बोलून मराठी उमटवता येतं, त्यावर कच्चा मसुदा निघतो. जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलं तर साम्य तपासणीच्या (मजकूर दुसरीकडून उचललाय का ते पाहण्याच्या) वेळी पुन्हा युनिकोडमध्ये आणण्याचा खर्च आणि मनस्ताप येतो.

ती तपासणी हलकी घेऊ नका. यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं, ४० ते ६० असेल तर वर्षभर देता येत नाही, ६०च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. लोकगीतांवर काम करणाऱ्यांनी प्रत्येक गाणं अवतरणात आणि स्रोतासह द्यावं. असा मजकूर साम्यातून वगळला जातो. विषय पक्का करण्याआधी शोधगंगा या संकेतस्थळावर बसा. देशभरातले प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. तुमचाच विषय कुणी आधीच केलाय हे सिनॉप्सिसआधी (संशोधनाचा आराखडा देण्याआधी) कळलेलं बरं.

"एवढ्याएवढ्यात लिहून देतो" म्हणणारे भेटतील, तुमच्याच स्टाफरूममध्ये भेटतील. त्यांच्या दराचा रकानाच ठेवू नका. पैसे घेऊन लेख छापणाऱ्या नियतकालिकांचंही तेच. २०२२च्या नियमांत थिसिसआधी लेख छापण्याची देशपातळीवरची सक्ती उरलेली नाही. तुमच्या विद्यापीठाची अट असेल तर ती लेखी मागून घ्या, कुणाच्या तोंडी ऐकून पैसे भरू नका.

पैसा कुठून

जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधन अधिछात्रवृत्ती, तिची वयोमर्यादा ३० आहे. स्त्रियांना आणि आरक्षित प्रवर्गांना ५ वर्षांची सूट, म्हणजे ती गाडी आपल्या वयात गेलेली. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती पूर्णवेळ संशोधकांसाठी असतात, पगार घेणाऱ्याला नाहीत. म्हणजे घरचेच पैसे. माझा नियम साधा होता: पीएफला हात नाही, पीककर्जाला हात नाही, मुलीच्या शिक्षणाच्या ठेवीला हात नाही. पगारातून दरमहा ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात, आणि त्या खात्यात असेल तेवढंच. जुनी पेन्शन नसलेल्यांनी तर हे आणखी कडक पाळावं; निवृत्तीच्या तोंडावर काढलेले पैसे भरून यायला पुढे पगार नसतो. शैक्षणिक कर्ज काढलंच तर व्याजावर आयकरात वजावट मिळते, पण जुन्या करप्रणालीतच. तुम्ही नवी निवडली असेल तर ती विसरा.

शेवटी एक ओळ लिहून ठेवा: कुठे थांबायचं. माझी ओळ होती, कोर्सवर्कनंतर दोन भुलाबाया रिकाम्या गेल्या तर नोंदणी सोडायची आणि गाण्यांचं पुस्तक करायचं. ही ओळ घरच्यांसमोर लिहा. नंतर भरलेल्या फीकडे पाहून माणूस उगाच ओढत राहतो.

फॉर्मच्या आधी एनओसी

हिशेब मांडून झाला आणि तरी करायचंच ठरलं, तर पहिला कागद एनओसीचा, म्हणजे संस्थेच्या ना-हरकत प्रमाणपत्राचा. अर्धवेळ संशोधनाला परवानगी आहे, कामातून पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कार्यमुक्त करू, अशा तीनही गोष्टी त्यात पाहिजेत. पुष्कळ संस्था पहिली लिहून देतात आणि तिसरी गाळतात. तिसरीसाठी प्राचार्यांना विचारून आपले तास कोण घेणार त्या सहकाऱ्याची लेखी संमती अर्जालाच जोडा. खासगी संस्थेत हा विषय कार्यकारिणीच्या सभेत ठेवावा लागला तर सभा कधी भरेल याचा नेम नसतो, आणि पेटची मुदत तुमच्या अध्यक्षांसाठी थांबत नाही. नेटच्या गुणांवर प्रवेश घेणार असाल तर ते गुणही पीएच.डी. प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. म्हणून जाहिरातीची वाट न पाहता अर्ज उन्हाळ्याच्या सुटीआधी टाका, आणि आवक क्रमांक व शिक्का घेतलेली एक प्रत स्वतःजवळ ठेवा.